माहितगार स्त्री, देवास

आमच्या कॉलेजात नवी पुस्तकं मार्चमध्ये येतात. वर्ष संपायच्या आत खरेदी झालीच पाहिजे असा दंडक आहे. त्यामुळे अकरा महिने ज्यांना ग्रंथालयाचं दार कुठल्या बाजूला आहे हे माहीत नसतं, ते प्राध्यापकसुद्धा मार्चात येऊन माझ्या हातात याद्या ठेवून जातात. मग इंदूरहून टेम्पो येतो आणि माझ्या टेबलाभोवती खोक्यांची भिंत उभी राहते. धारच्या या कॉलेजात मी चोवीस वर्षं ग्रंथपाल आहे. घर देवासला. लग्नाच्या भानगडीत पडले नाही, त्यामुळे सासर कुठलं हा प्रश्न आपोआप मिटला.

खोक्यांत बहुतेक इतिहास, राजकारण आणि समाजशास्त्र असतं, आणि बहुतेक इंग्रजीत. या नव्या अभ्यासपूर्ण पुस्तकांच्या नावात मधोमध दोन टिंबं असतात. टिंबांच्या आधी काहीतरी कवितेसारखं लिहायचं आणि टिंबांच्या पुढं खरं काय ते सांगायचं, अशी पद्धत आहे. आमचा शिपाई बदनावरचा, निवृत्तीला आलेला माणूस. तो दर वर्षी खोकं फोडताना एकच प्रश्न विचारतो, "मॅडम, ये इत्ती मोटी किताबें कोन पढेगा?" मी दर वर्षी त्याला सांगते, "मैं पढूंगी, भिया, तुम कैंची दो."

आणि मी वाचतेच. फक्त मागून वाचते. आधी सूची, मग संदर्भ, मग मुलाखतींची यादी. पुस्तक पुढून उघडलं की लेखक आपल्या गुरूंचे, बायकोचे आणि मांजराचे आभार मानत असतो, त्यात माझं काय? मागच्या पानांत तो खरोखर कुठं कुठं गेला होता ते कळतं. आमच्या माळव्यावर लिहिणाऱ्यांच्या बाबतीत तर हे हटकून बघावं. सूचीत धारची आठ पानं दिलेली असतात आणि माणूस धारला दोन दिवस राहिलेला असतो.

मुलाखतींच्या यादीत माणसांची नावं नसतात. नावं बदलतात किंवा गाळतात, तसा त्यांचा नियम आहे, आणि चांगला आहे. 'नावाडी, धरमपुरी.' 'आडत्या, बदनावर.' एखाद्यानं सत्तर वर्षं नर्मदेत होडी चालवलेली असते आणि त्याच्या वाट्याला दोन शब्द आणि एक स्वल्पविराम येतो. मला या याद्या वाचताना नेहमी थोडं कसंतरी होतं. पुस्तकभर हीच माणसं बोलत असतात, पण तोंडं कोणाचीच दिसत नाहीत.

या वर्षीच्या तिसऱ्या खोक्यात माळव्यातल्या लहान मराठी संस्थानांवरचं एक जाडजूड पुस्तक निघालं. दरबाराबरोबर महाराष्ट्रातून आलेल्या कामकरी घराण्यांचं, संस्थानं विलीन झाल्यावर पुढं काय झालं, असा विषय. मी सवयीनं मागून उघडलं. यादीत धारचे चार जण, देवासचे पाच. पाचव्यावर बोट थांबलं. 'माहितगार स्त्री, गृहिणी, वय अडुसष्ट, तंबू-कनाती शिवणाऱ्यांचं कुटुंब, देवास.'

देवासला तंबू-कनाती शिवणाऱ्यांचं कुटुंब एकच उरलं आहे, आणि ते आमचं आहे. आमचे पूर्वज धाकट्या पातीच्या दरबारासाठी शामियाने आणि त्यांच्या कापडी भिंती शिवायचे. देवास म्हणजे एकाच गावात दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती, तेव्हा शिवणाऱ्यांना काम भरपूर. आता आबा, म्हणजे माझे वडील, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी पुढच्या खोलीत पायाच्या मशीनवर पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतात. पुढं दुकान, मागं तीन खोल्या, आणि त्याच्या मागं काका-काकू राहतात. बस, एवढंच कुटुंब. आमच्या घरात अडुसष्ट वर्षांची गृहिणी कोणी नाही.

लेखिका कोण ते मात्र लगेच आठवलं. दोन वर्षांपूर्वी ती माझ्याच टेबलासमोर बसली होती. वडील नाशिककडून कारखान्याच्या नोकरीसाठी देवासला आलेले, हिचं शिक्षण सगळं हिंदीत. मराठी बोलायची चांगली, पण वाचता वाचता अडखळायची. मला गंमत वाटली आणि मीच म्हटलं, "आमच्याच घरी जा की. आबांना बोलतं केलंस तर थांबायचे नाहीत." तिनं वार विचारला, मी बुधवार सांगितला. आबांना फोन करून कळवलंही. आबा म्हणाले, "येऊ दे, बेटा. त्या दिवशी आलेल्याला नाही म्हणत नाहीत." मी तेव्हा विचारलं नाही की त्या दिवशी काय आहे.

आता यादीतला महिना पाहिला आणि कपाळाला हात लावला. तो बुधवार म्हणजे नवमी होती. पितृपक्षातली अविधवा नवमी.

नवरा हयात असताना जी बाई गेली तिच्या नावानं त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात. हे सगळीकडेच आहे. आमच्या घरची रीत मात्र चार पावलं पुढं आहे. सवाष्ण पाटावर बसली की ती त्या वेळेपुरती गेलेलीच बाई. तिला गेलेलीचं लुगडं द्यायचं, गेलेलीच्या आवडीचं रांधायचं आणि गेलेलीच्याच नात्यानं हाक मारायची. विडा तोंडात घालून ती पुढच्या दारानं रस्त्यावर जाऊन परत आत येते, तेव्हा ती पुन्हा स्वतः होते. तोपर्यंत तिला तिच्या खऱ्या नात्यानं कोणी बोलवायचं नाही. बोलावलं तर काय होतं हे मला माहीत नाही, कारण आजवर कोणी बोलावलेलंच नाही.

आई गेल्यापासून आमच्याकडे काकू सवाष्ण बसते. काका स्वतःच्या बायकोला "वहिनी, अजून एक बाफला वाढू?" असं विचारतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही. आबा तिला "अगं" म्हणतात, आईला म्हणायचे तसं. मी हे एकदाच पाहिलं, पहिल्या वर्षी, आणि पुन्हा त्या दिवशी देवासला गेले नाही. पहिली दोन वर्षं काहीतरी काम काढलं, मग कोणी बोलावलंच नाही. सात वर्षांत तिथीच डोक्यातून गेली म्हणून तर तिला बुधवार सांगून बसले.

तर झालं होतं असं. आमची विदुषी बरोबर पान वाढायच्या वेळेला घरात शिरली. पाटावर हिरव्या लुगड्यातली बाई बसलेली. सगळे तिला वहिनी म्हणतायत, यजमान तिला अगं म्हणतायत. हिनं तिला घरची मालकीण समजून वही काढली. माझ्या मेलेल्या आईची मुलाखत घेऊन ती छापून मोकळी झाली होती. मला हसू आवरेना. शिपाई म्हणाला, "क्या हुआ, मॅडम?" मी म्हटलं, "कुछ नहीं, किताब में जोक है." रविवारी देवासला जाऊन काकूला कधी सांगते असं झालं.

मग मी पान काढलं आणि बसून वाचायला लागले.

सुरुवातीला सगळं ठीक होतं. दरबारात काम कसं यायचं, दसऱ्याला कनाती कुठं लागायच्या, हे घरात सगळ्यांना पाठ आहे. काकूनंही सांगितलं असेल. पण वयाशी मी अडले. काकू त्या वर्षी एकोणसाठची होती आणि तशी दिसायचीही. अडुसष्ट हे आईचं वय, जिथं ते थांबलं तिथलं. चला, काकूनं नाटक नीट वठवलं म्हणायचं, असं मी स्वतःला समजावलं. पुढच्या पानावर शिवणाची माहिती होती. कनातीची कड दुमडताना आतून एक उलटा टाका घ्यायचा, धागा ओला करून, म्हणजे वाऱ्यानं कड फाटत नाही, हे मला माझ्या सासूनं शिकवलं, असं ती माहितगार स्त्री म्हणत होती. ओल्या धाग्याचा हा टाका आईला येत होता. मला येत नाही, आबा तो घेत नाहीत, आणि काकूला तर सुईत दोरा ओवता येत नाही. ब्लाऊजचं बटण तुटलं तरी ती ते दुकानात आणून देते.

माझं हसू गेलं होतं. तरी मी पान उलटलं.

तिथं एक परिच्छेद वेगळा काढून, आत सरकवून छापला होता. त्या बाईचे शब्द, जसेच्या तसे, इंग्रजीत. मी मराठीत सांगते. 'त्या दिवशी सकाळपासून छातीत दुखत होतं. मी म्हटलं, पोरीला फोन लावा. यांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. म्हणाले, आज तिच्याकडे समिती आली आहे, संध्याकाळी लावू. मी दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायला दम नव्हता.'

परिच्छेदाच्या शेवटी बारीक आकडा होता. खाली तळटीप. 'माहितगार स्त्रीची मुलगी त्या दिवशी येऊ शकली नाही, असं दिसतं.'

मार्चातली दुपार, पंखा पाचवर, आणि मला थंडी वाजत होती.

आई नऊ वर्षांपूर्वी गेली. त्या दिवशी आमच्या कॉलेजात खरंच तपासणीची समिती आली होती आणि मी तीन दिवस जुन्या पुस्तकांवरची धूळ झटकत होते. आबांचा फोन आला तो सगळं संपल्यावर. इंदूरला बस बदलून देवासला पोचले तेव्हा आईच्या कपाळावर नवं कुंकू लावलेलं होतं. मी आबांना विचारलं, माझं काही म्हणाली का? आबा म्हणाले, "तुझं नाव काढलं. म्हणाली, कामात असेल, नको बोलावू."

त्या वाक्यावर मी नऊ वर्षं काढली. लोकांना सांगताना मी ते कौतुकानं सांगायचे, शेवटपर्यंत दुसऱ्याचा विचार, वगैरे. आत मात्र मला त्या वाक्याचा राग यायचा. नको बोलावू म्हणजे काय? मरताना पोटची पोर नको झाली? समितीतल्या त्या साहेबांपेक्षा मी आईकडेच गेले असते, एवढंही तिला कळू नये? हा राग मी कोणाला बोलून दाखवला नाही. नवमीला गेले नाही त्याचं कारण हेच होतं. काकूला आईच्या लुगड्यात बघवत नाही, असं मी सांगायचे. खरं म्हणजे मला आईसमोर बसायचं नव्हतं.

आणि आता हे पुस्तक म्हणत होतं की ती मला बोलावत होती. दोनदा.

मी उठून पुस्तकांच्या मागच्या रांगेत गेले आणि लेखिकेला फोन लावला. ती लांबच्या कुठल्या विद्यापीठात असते आता. आवाज ओळखून खूश झाली.

"ताई! पुस्तक मिळालं? मतलब, तुमच्या लायब्ररीत पोचलं पण? आजी कशा आहेत? मला त्यांना कॉपी पाठवायची आहे."

"तो फोनचा मजकूर," मी म्हटलं, "तो कोण म्हणालं?"

"आजीच. जेवताना. आजोबा तर पूरा टाइम वाढत होते, ते काही बोललेच नाहीत."

"रेकॉर्ड केलं आहेस?"

"नाही ना. आजोबा म्हणाले, पानावर बसल्यावर मशीन नको. मी नुसतं ऐकलं आणि बाहेर आल्या आल्या रिक्षात बसून वहीत लिहिलं. शब्द न् शब्द लिहिला, ताई. कारण त्या इतक्या शांत बोलत होत्या, माझ्याकडे न बघता. मला रडू आलं होतं." मग ती म्हणाली, "आणि एक छापलं नाही मी. त्यांनी विचारलं, तू धारहून आलीस, तर ती वेळेवर जेवते का? मी म्हटलं, हो आजी, डबा होता ताईंच्या टेबलावर. मग त्या हसल्या."

मी समोरच्या एका पुस्तकाचा कणा उगाच रांगेत सरळ केला.

"ताई? आजी बऱ्या आहेत ना?"

खरं सांगायचं तर हीच वेळ होती. तिच्या संशोधनाला भोक पडलं असतं, पण पुढच्या आवृत्तीत बुजवता आलं असतं. एरवी पानाचा आकडा चुकला तरी मी लेखकाला पत्र टाकते. पण मी पुस्तकांच्या त्या अरुंद बोळात उभी राहून म्हटलं, "बरी आहे." आणि फोन ठेवला. असं का म्हटलं ते मला अजून सांगता येत नाही.

रविवारी पुस्तक पिशवीत घालून देवासला गेले. बसमध्ये ते मांडीवर होतं आणि मला सारखं वाटत होतं की पिशवीचं तोंड उघडं राहिलं आहे. चारदा तपासलं. चारही वेळा बंद होतं. मी भित्री बाई नाही. ग्रंथालयाच्या तळघरात सापाची कात निघाली तेव्हा शिपाई पळाला होता आणि कात मी उचलली होती. पण त्या दिवशी देवासची टेकडी दिसायला लागली तेव्हा मला बसमधून उतरू नये असं वाटलं.

आधी मागच्या बाजूला काकूकडे गेले. काकू गहू निवडत होती. मी सरळच विचारलं की दोन वर्षांपूर्वी नवमीला ती मुलगी आली होती तिला तू काय काय सांगितलंस.

"मी?" काकू म्हणाली. "अगं, मी तर त्या दिवशी तोंडातून शब्द काढत नाही. सवाष्ण बोलते का कधी? ती पोरगी समोर बसली होती एवढं याद आहे."

"आणि?"

"आणि काही नाही." तिचा हात गव्हात थांबला. "तुला सांगते, हसू नको. मला ते जेवण कधी आठवतच नाही. पाटावर बसते, भाऊजी पाणी फिरवतात, आणि मग एकदम विडा तोंडात असतो आणि मी रस्त्यावर उभी असते. दर साल असंच. खीर गोड होती की अळणी, मला नाही सांगता येणार. तुझ्या काकांना वाटतं मी थकते."

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? पोट भरलेलं असतं ना."

मग मी आईच्या शेवटच्या सकाळबद्दल विचारलं. फोन लावा असं आई म्हणाली होती का? काकूनं माझ्याकडे नवलानं पाहिलं. "मला काय माहीत, बाई? मी तेव्हा लोहारद्याला होते, भावाकडे. तुझे काका मला घ्यायला आले होते. आम्ही तुझ्याही नंतर पोचलो. घरात हे दोघंच होते ना."

हे मला माहीत होतं. तिच्या तोंडून ऐकेपर्यंत मी ते विसरायचा प्रयत्न करत होते, एवढंच. त्या सकाळी घरात दोघंच होते. एक गेली आणि दुसऱ्यानं मला सांगितलं की ती नको बोलावू म्हणाली.

मी पुढच्या खोलीत आले. दुपारचे तीन वाजले असतील. रस्त्यावर ऊन आणि शुकशुकाट. आबा मशीनवर होते, निळा पडदा मांडीवरून जमिनीपर्यंत लोळत होता. आबांचं डोकं अजून लख्ख आहे, हे इथंच सांगून टाकते. कोणाच्या खिडकीचं माप किती, कोणाला झालर हवी, सगळं तोंडपाठ. चाळीस वर्षांपूर्वीची मापंसुद्धा.

"आलीस, बेटा? जेवलीस?" त्यांनी विचारलं, आणि पिशवीतून डोकावणाऱ्या पुस्तकाकडे बघून म्हणाले, "तेच का ते? त्या मुलीचं?"

"हो."

"बघू." त्यांनी हात पुसून पुस्तक घेतलं, वजन पाहिलं, पानं बोटांत घेऊन कापडासारखी चोळली आणि परत दिलं. आबांना इंग्रजी येत नाही. "आपलं काय लिहिलंय? वाच."

"नंतर वाचते."

"नंतर कशाला? मराठी करून वाच. मी ऐकतो." पाय परत चालू झाला आणि सुई खालीवर होऊ लागली.

मी स्टुलावर बसले. मी त्यांना वाचून दाखवलं नसतं तर त्यांना कधीच कळलं नसतं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस आहे, अजून किती नवम्या करणार आहे? दरबाराचं, दसऱ्याचं वाचून पुस्तक मिटता आलं असतं. पण मला जाणून घ्यायचं होतं. मी एवढी भली नाही की त्यांच्यासाठी ते पोटात ठेवलं असतं.

मी दरबाराचं वाचलं. त्यांनी दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. ओल्या धाग्याचा टाका वाचला. "बरोबर," ते म्हणाले, "आमच्या आईचा टाका तो." कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं नाही. मग मी पान उलटलं आणि तो आत सरकवलेला परिच्छेद आला. एकेक वाक्य मराठीत आणताना मला जपून शब्द निवडावे लागले नाहीत. ते आपोआप आले, सवयीचे असल्यासारखे. छातीत दुखत होतं. मी म्हटलं, पोरीला फोन लावा. यांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. मी दुसऱ्यांदा म्हटलं.

मशीन थांबलं होतं. ते कधी थांबलं ते मला कळलं नाही.

मी मान वर केली. आबा माझ्याकडे बघत होते. चष्मा काढून हातात धरला होता. माझ्याकडे बघत होते म्हणजे सरळ माझ्या डोळ्यांत, आणि तरी ते माझ्याकडे बघणं नव्हतं. मी लहान असल्यापासून त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलेलं नव्हतं.

"अगं," ते म्हणाले, "मला काय ठाऊक होतं, संध्याकाळ येणारच नाही म्हणून."

मी जन्मल्यापासून आबांनी मला बेटा म्हटलं आहे. अगं कधीच नाही. मला ओरडून सांगावंसं वाटलं की आबा, मी आहे, मी. पण ओठ हलले नाहीत. हातातलं पुस्तक एकदम फार जड लागलं. बाहेरून एक फळवाला ओरडत गेला, त्याचा आवाज कुठून तरी लांबून, मधे जाड कापड असल्यासारखा येत होता.

"पोरीला सांगितलंस का तू?" आबांनी विचारलं.

मी पानाकडे पाहिलं. त्या परिच्छेदाखाली नवा उपविभाग सुरू झाला होता, विलीनीकरणानंतर कारागिरांच्या वस्त्यांची फेरमांडणी. उत्तर तिथं कुठंच नव्हतं.

"सांगितलं," मी म्हटलं.

"काय म्हणाली?"

"रागावली."

"माझ्यावर ना?"

"आता तुमच्यावर. इतके दिवस माझ्यावर रागावली होती."

हे मी बोलले. हे मी आयुष्यात कोणाला सांगितलं नव्हतं, आबांना तर नाहीच. शब्द माझ्या तोंडातून शांतपणे बाहेर पडले आणि मी ते आबांसारखेच ऐकले.

आबांनी मान हलवली. त्यांना ते नवीन नव्हतं. "मला दिसत होतं ते," ते म्हणाले. "नवमीला यायची नाही, तेव्हाच कळलं होतं. मी सांगणार होतो तिला. दर साल ठरवायचो. भीती वाटायची, ती पण यायची बंद होईल म्हणून." डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसत नव्हते. पडद्यावर थेंब पडत होते, निळ्यावर गडद निळे. मी उठून त्यांचा हात धरायला हवा होता. मुलगी असते तर धरला असता. मी स्टुलावर पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसले होते. मी अशी कधी बसत नाही.

"तिला म्हणावं," आबा म्हणाले, "रागवायचं तर माझ्यावर रागव. तुझ्यावर कशाला? तू तर तिला बोलावत होतीस."

"सांगते," मी म्हटलं.